क्लॉइझोने फुलदाणी: चिनी की जपानी, जुनी की कालची?

दुकानदार फुलदाणी पुढे करतो तेव्हा तिची चांगली बाजूच आपल्याकडे असते. ड्रॅगन, कमळं, विस्टेरियाचे घोस, चिमण्या, सगळं बघून घ्या आणि मग ते थोडा वेळ विसरा. चित्र कुणीही कुणाचं उतरवू शकतो, शिक्का तर दहा मिनिटांत कोरता येतो. तार कशी बसवली, तांब्याचा पत्रा किती जाड आहे, काठाला कोणता धातू आहे आणि आतल्या बाजूला काय भाजलंय, याची नक्कल सहसा कुणी करत बसत नाही. म्हणून ओळख तळापासून सुरू करायची आणि चित्र सगळ्यात शेवटी बघायचं.

ही वस्तू बनते कशी

तांब्याच्या अंगावर चपटी, बारीक तार उभी करून नक्षीची घरं पाडतात. क्लॉइझोने हा शब्द फ्रेंच असून त्याच्या मुळाशी ही आडपडदीच आहे. घरांमध्ये रंगीत काचेची ओली पूड, म्हणजे मीना, भरतात आणि साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजतात. पूड वितळली की खाली बसते आणि घर अर्धं रिकामं दिसतं. मग पुन्हा भरा, पुन्हा भाजा. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की दगडाने आणि कोळशाने घासून मीना आणि तारेची कड एका पातळीत आणतात. शेवटी उघड्या धातूवर सोन्याचा मुलामा. आतूनही मीना द्यावा लागतो, कारण गार होताना तांबं काचेपेक्षा जास्त आकसतं. ताण फक्त बाहेरच्या बाजूला पडला तर पत्रा वाकतो आणि मीना तडकतो.

चीनमध्ये या कामाला जिंगथाय-लान म्हणतात. मिंग घराण्यातल्या (१३६८ ते १६४४) जिंगथाय सम्राटाच्या (१४५० ते १४५७) नावावरून हा शब्द रूढ झाला. ‘लान’ म्हणजे निळा. जपानी शब्द आहे शिप्पो, म्हणजे सात रत्नं, बौद्ध परंपरेतली आपली सप्तरत्नंच.

आपल्याकडे दोन गोष्टींशी हमखास घोटाळा होतो. जयपूरच्या मीनाकारीत धातू खोदून खळगे करतात आणि त्यांत मीना भरतात. तिथे तार नसते, रंगांमधली धातूची रेघ मूळ पत्र्याचीच असते आणि जाडी कमीजास्त होत जाते. मुरादाबादी पितळी फुलदाणीत कोरीव रेघांत रंगीत लाख भरलेली असते. लाख नखाला मऊ लागते, काच लागत नाही. तिसरा प्रकार थेट नकलेचा: रेझिनचे रंग किंवा छापील चिकटचित्र, त्यावर सोनेरी रेघा. ती गालाला लावून बघा. खरा मीना काचेसारखा गार लागतो, रेझिन कोमट. कॅन्टनचा (आजच्या ग्वांगझौचा) रंगवलेला मीना मात्र अस्सल असतो, पण त्यात तारा नसतात. तो क्लॉइझोने म्हणून विकत घेऊ नका.

सोबत काय न्यायचं

सोनाराचं दहापट भिंग, बारीक झोताची बॅटरी, छोटं लोहचुंबक, स्वयंपाकघरातला वजनकाटा, नोटा तपासायची अतिनील बॅटरी आणि टेबलावर पसरायला जाड टॉवेल. हातमोजे नकोत, गुळगुळीत मीन्यावरून सुती मोजा सरकतो. हात धुऊन कोरडे करा, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा. फुलदाणी मानेने किंवा कानाने उचलू नका. एक हात तळाखाली, एक पोटावर.

तपासणी, तळापासून वर

आधी वजन. सारख्या उंचीच्या दोन फुलदाण्या हातात घेतल्या तर चिनी बहुधा जड लागते. चिनी कारागीर जाड तांबं वापरतात आणि मिंग काळातल्या बऱ्याच वस्तूंचं अंग ओतीव कांशाचं असतं. जपानी पत्रा पातळ असतो. चांगल्या मेइजी काळातल्या (१८६८ ते १९१२) जपानी फुलदाणीचं वजन तिच्या आकाराला शोभत नाही इतकं कमी वाटतं. अपवाद एकच, पण तो फसवतो: १८७०च्या दशकात जपानमध्ये चिनी मातीच्या भांड्यावरही तार आणि मीना चढवत. त्याला तोताइ म्हणतात. ती वस्तू जड असते आणि टिचकी मारली की धातूचा नाद न येता कपबशीसारखा आवाज येतो. वजन झालं की चुंबक लावा. तांबं, पितळ, चांदी, कोणालाच ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि पुढची तपासणी वाचते.

मग काठ आणि बैठक. चिनी फुलदाणीचा काठ पितळी-सोनेरी असतो. जपानी फुलदाणीच्या तोंडाला आणि बुडाला बऱ्याचदा चांदीचं किंवा चांदीच्या मुलाम्याचं कडं बसवलेलं असतं, काळवंडलेलं असलं तरी पांढरं. उत्तम कामावर कड्याला ‘जुनगिन’ म्हणजे शुद्ध चांदी असा चिन्हांकित ठसा मिळतो. कडं सैल आहे का, तिरकं बसलंय का, त्याच्या खालून मीन्याचा टवका डोकावतोय का, हे बॅटरी आडवी धरून बघा. तोंडाशी फुटलेली फुलदाणी नवं कडं चढवून विकणं ही जुनी युक्ती आहे. तळाच्या मध्यभागी गोल भोक किंवा ते बुजवल्याची खूण दिसली तर या फुलदाणीचा कधीतरी टेबललॅम्प झाला होता. अमेरिका-युरोपातून परत आलेल्या जोड्यांमध्ये हे फार दिसतं.

आत झोत टाका. विसाव्या शतकातल्या चिनी फुलदाणीच्या आत बहुतेकदा फिरोजी निळा मीना असतो, कधी ठिपक्याठिपक्यांचा. जपानीच्या आतला रंग ठरलेला नसतो. हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही, पण बाकीच्यांच्या जोडीला चालतो.

आता भिंग, आणि इथे घाई नको. एखाद्या पाकळीच्या टोकाशी, जिथे दोन तारा भेटतात, तिथे भिंग स्थिर धरा. तार एकसारख्या रुंदीची, सपाट आणि पिवळीधमक आहे, टोकं एकमेकांवर चढलीत, सांध्याजवळ डाकाचा, म्हणजे जोडकामाचा, धातू पसरून तार जाडसर दिसतेय: हे चिनी काम. चीनमध्ये तार आधी ऑर्किडच्या कंदाच्या खळीने चिकटवतात, मग त्यावर डाकाची पूड टाकून झाळतात. जपानी कारागीर खळीवरच भागवतात आणि तारेला मीनाच धरून ठेवतो. म्हणून तिथे सांधा स्वच्छ असतो. उत्तम जपानी कामात तारेची रुंदीही बदलत जाते: पक्ष्याच्या पिसाच्या मुळाशी रुंद, टोकाला केसासारखी, जणू कुंचल्याने ओढलेली. चिनी तारेत असा चढउतार शोधून सापडत नाही. तारेचा रंगही बघा. राखाडी-पांढरी तार चांदीची, म्हणजे बहुधा जपानी; लालसर तार तांब्याची, जिचा मुलामा घासून गेलाय.

तारेच्या शेजारी काय दिसतं तेही टिपून ठेवा. चिनी मीन्यात सुईच्या टोकाएवढ्या खळग्या असतात. भाजताना अडकलेला हवेचा बुडबुडा घासताना फुटतो, तो हा. जुन्या कामात त्यांत मळ आणि मेण साचून काळे ठिपके होतात. नव्या कामातही खळग्या असतात, पण त्या रंगीत मेणाने बुजवलेल्या असतात. तिथे काच चमकते आणि ठिपका मंद दिसतो. १८८०नंतरचं चांगलं जपानी काम भिंगाखाली आरशासारखं सपाट असतं.

पार्श्वभूमीच्या मोकळ्या जागेत ढगांची वेटोळी, चौकटी किंवा खवल्यांची जाळी आहे का? ती नुसती हौस नाही. काचेचा मोठा पट्टा आधाराशिवाय तडकतो, म्हणून चिनी कारागीर रिकामी जागा तारांच्या वळणांनी भरून मीन्याला धरून ठेवत. सुरुवातीचे जपानीही तेच करत. पुढे त्यांचा मीना सुधारला आणि सगळी पार्श्वभूमी एकाच रंगात, एकही तार न लावता सोडणं त्यांना जमलं. काळ्या किंवा गर्द निळ्या अंगावर एकच फांदी आणि दोन चिमण्या, बाकी नितळ, असं दिसलं तर जपानकडे वळा.

चित्र सगळ्यात शेवटी. ‘ड्रॅगनला पाच नख्या तर चिनी, तीन तर जपानी’ हा नियम सगळे सांगतात. तो ढोबळपणे खरा आहे, पण त्यावर पैसे लावू नका. चिनी ड्रॅगन चार नख्यांचाही असतो आणि १८५०-७०मधले जपानी कारागीर चिनी नमुने समोर ठेवूनच शिकत होते.

चिनी फुलदाणीचा काळ कसा लावायचा

नाव जिंगथायचं असलं तरी काळाची खात्री देणाऱ्या सर्वांत जुन्या खुणा त्याच्या आधीच्या श्वांदे सम्राटाच्या कारकिर्दीतल्या आहेत (१४२६ ते १४३५). मिंग मीन्यात फिरोजी जमीन (म्हणजे पार्श्वभूमी), गर्द निळा, गडद लाल, पिवळा, पांढरा आणि हिरवा हे मुख्य रंग. गुलाबी इथे महत्त्वाचा. सोन्यापासून केलेला एकसंध गुलाबी अठराव्या शतकात चीनमध्ये आला. मिंग गुलाबी म्हणजे लाल आणि पांढऱ्या पुडीची सरमिसळ. भिंगाखाली तिळगुळातल्या तिळासारखे दोन्ही कण वेगळे दिसतात. ‘मिंग’ म्हणून दाखवलेल्या फुलदाणीत गुळगुळीत गुलाबी दिसला की ती निदान अठराव्या शतकात सरकते. दुसरी खूण तारेत: त्या काळची तार ठोकून पातळ केलेली असे, त्यामुळे तिला लांबीच्या दिशेने बारीक चिरा जातात. जंतरातून, म्हणजे भोकांच्या पट्टीतून, ओढलेली नंतरची तार अखंड असते.

पुढच्या छिंग घराण्यातल्या च्यानलुंग सम्राटाच्या (१७३६ ते १७९५) काळात दरबारी कारखान्यांचं काम टोकाला पोहोचलं. भरपूर मुलामा, नीटस तार. तसल्या वस्तू बाजारात सहज पडत नाहीत. आपल्या हाती लागतात त्या बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढच्या. त्यात लाओ त्यान ली आणि द छंग या पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) दुकानांचे शिक्के असलेलं काम नेटकं असतं. तळावर रोमन अक्षरांत नुसतं ‘चायना’ असेल तर वस्तू १८९१नंतरची, कारण अमेरिकेच्या १८९०च्या मॅकिन्ली जकात कायद्यापासून आयात मालावर देशाचं नाव घालणं बंधनकारक झालं. ‘मेड इन’ हे शब्द साधारण १९२१पासून दिसू लागतात. उलट दिशेने मात्र हा तर्क चालत नाही. शिक्का नाही म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. चीनमध्येच विकलेल्या मालावर किंवा कागदी लेबल निघून गेलेल्या मालावरही तो नसतो.

१९५६मध्ये बीजिंग एनॅमल फॅक्टरी सुरू झाली आणि छोट्या कारखान्यांचं काम तिथे एकवटलं. १९६० ते १९८०च्या दशकांतला निर्यातीचा माल जगभर पसरला आहे. फिरोजी, काळी किंवा पांढरी जमीन, पिओनी आणि क्रिसॅन्थेमम, विजेच्या मुलाम्यामुळे एकसारख्या पिवळ्याजर्द तारा. वस्तू वाईट नाहीत. जुन्या म्हणून विकल्या जातात, ही अडचण आहे.

जिंगथायचा शिक्का दिसला म्हणून भारावून जाऊ नका. त्याचं नाव मीनाकामाशी इतकं जोडलं गेलं की शतकानुशतकं नंतरच्या कारागिरांनी ते सन्मान म्हणून आणि व्यापाऱ्यांनी भाव चढवायला घातलं. पंधराव्या शतकाचा शिक्का असलेला तळ अंगाला नंतर जोडलेला आहे का, हे बैठकीच्या आतल्या कडेने भिंग फिरवून बघा. नवा डाक, वेगळा मुलामा किंवा पत्र्याची वेगळी जाडी तिथे उघडी पडते.

जपानी फुलदाणी: इथे नावं कामाची

जपानी गोष्ट थोडक्या वर्षांत घडली, म्हणून काळ जास्त नेमका लावता येतो. ओवारी प्रांतातल्या नागोयाजवळ काजी त्सुनेकिचीने (१८०३ ते १८८३) १८३०च्या दशकात परदेशी मीन्याची वस्तू सुटी करून तिचं तंत्र स्वतः शोधलं. त्या भागातलं तोशिमा गाव पुढे या धंद्याचं केंद्र झालं. सुरुवातीचं काम बोजड असतं: मातकट हिरवी जमीन, मंद चकाकी, बारीक तारांची भरगच्च वेलबुट्टी. हेच नवखे लोक चिनी समजून बसतात. वजनाने हलकं आणि रंगाने मळकट असेल तर १८५०-७०चं जपानी काम ही शक्यता आधी तपासा.

गोटफ्रीड वाग्नर या जर्मन रसायनज्ञाने नितळ, चकचकीत मीन्याची वाट दाखवली आणि १८७८पासून क्योतोत नामिकावा यासुयुकीबरोबर काम केलं. यासुयुकीची (१८४५ ते १९२७) ओळख म्हणजे आरशासारखा काळा मीना आणि सोन्या-चांदीच्या अविश्वसनीय बारीक तारा. तोक्योचा नामिकावा सोसुके (१८४७ ते १९१०) हा वेगळा माणूस. आडनाव सारखं, नातं नाही. त्याने शेवटच्या भाजणीआधी तारा काढून टाकायचं तंत्र गाजवलं. रंग एकमेकांत विरघळतात आणि काम जलरंगासारखं दिसतं. याला मुसेन म्हणतात. दोघेही १८९६मध्ये शाही कारागीर नेमले गेले. यासुयुकीच्या कामाच्या तळाशी बहुधा छोट्या धातूच्या पट्टीवर नाव कोरलेलं असतं, सोसुकेच्या कामावर तारेत घडवलेली एकाक्षरी ‘साकिगाके’ खूण. नागोयातली आंदो जुबेइची कंपनी १८८०पासूनची. तिची खूण तळाच्या मीन्यात तारेने घडवलेली असते. हायाशी कोदेंजी हे नागोयाचं आणखी एक वजनदार नाव. बहुतेक जपानी फुलदाण्यांवर मात्र कुठलीच सही नसते, आणि खालची पट्टी वेगळी चिकटवता येते. सही बघून काम ठरवायचं नसतं, कामावरून सहीवर विश्वास ठेवायचा असतो.

काही तंत्रं नुसत्या डोळ्यांना ओळखू येतात. गिनबारीत चांदीचा ठोकलेला वर्ख आणि त्यावर पारदर्शक मीना असतो. फुलदाणी फिरवली की आतून उजेड हलतो. त्यावर कबुतराच्या रक्तासारखा लाल रंग असेल तर अकासुके. मोरिआगेत मीन्याचे थर रचून पाकळी जमिनीवर उठावदार केलेली असते. शोताइ हा सगळ्यांत नाजूक प्रकार: भाजणी झाल्यावर आतलं तांबं आम्लात विरघळवून टाकतात, उरते ती तारांनी धरलेली काच. उजेडासमोर धरली की आरपार दिसते. शोताइ धक्का सोसत नाही, म्हणून अखंड मिळणं दुर्मिळ.

लालबुंद गिनबारीवर गुलाब किंवा बांबू आणि रुपेरी मुलाम्याचा काठ अशा १५-२५ सेंटिमीटरच्या फुलदाण्या विसाव्या शतकात भेटवस्तू म्हणून ढिगाने बनल्या. शिकायला उत्तम, गुंतवणूक म्हणून सामान्य.

मोडतोड आणि लपवलेली मोडतोड

धातू पोचतो, काच पोचत नाही. धक्का बसला की आत पोचा पडतो आणि बाहेर त्याभोवती ताऱ्यासारख्या चिरा उमटतात. आधी डोळे मिटून बोटांची पेरं सावकाश पोटावरून आणि खांद्यावरून फिरवा. पोचा डोळ्यांआधी बोटांना सापडतो. मग बॅटरी जवळजवळ आडवी धरून चकाकी तपासा. रेझिनने भरलेली जागा किंचित मंद असते आणि तिच्या कडेला रंग तारेवर चढलेला दिसतो. खऱ्या कामात तारेचा माथा घासलेला, उघडा असतो. अंधारात अतिनील झोत टाका: रेझिन बऱ्याचदा दुधी-निळसर उजळतं. काही जुने रंगही उजळतात, म्हणून चमकलेली जागा पुन्हा भिंगाखाली न्या.

मोल कसं घटतं ते दोन्हीकडे वेगळं आहे. मिंग किंवा जुन्या छिंग वस्तूत थोडी दुरुस्ती धरूनच चालतात. मेइजी जपानी कामाचं सगळं आकर्षण त्याच्या निर्दोषपणात आहे. त्यावरची एक तारेसारखी चीरही किंमत निम्म्याखाली नेऊ शकते. जोडीत घेत असाल तर पक्षी एकमेकांकडे तोंड करून आहेत का आणि दोन्हीचं वजन, उंची व आतला रंग जुळतो का ते काट्यावर व पट्टीवर बघा. वेगवेगळ्या दोन फुलदाण्यांची ‘जोडी’ जमवणं सोपं असतं.

कुठून घ्यायची, कशी सांभाळायची

मुंबईत एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापाऱ्यांचा कॅन्टनशी घनिष्ठ व्यापार होता आणि पूर्वेकडच्या फुलदाण्या इथल्या घरांत आल्या. घरं मोडली की त्यांतला काही माल मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात आणि लिलावांत येतो. घेण्याआधी छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातली चिनी-जपानी दालनं बघा. रतन टाटा आणि दोराब टाटा यांचे संग्रह तिथे आहेत. चांगलं काम काचेमागे का होईना पण डोळ्यांत बसलेलं असलं की बाजारात डोळा अडत नाही. क्योतोला जाणार असाल तर यासुयुकीचं घर आणि कारखाना संग्रहालय म्हणून खुलं आहे.

भारतातली फुलदाणी परदेशात न्यायची असेल, समजा आजीची वस्तू अमेरिकेतल्या नातवासाठी, तर सांभाळून. १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर किंवा अधिक वर्षं जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू नवी असली तरी विमानतळावर वाद घालण्यापेक्षा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या.

साफसफाईत लोक सगळ्यात मोठी चूक करतात. चिंच, लिंबू, पितांबरी, सगळं समईसाठी ठेवा. आम्ल आणि खरवडणारी पूड मुलामा उडवते, मग तारा तांबड्या दिसू लागतात आणि ते परत येत नाही. उकिरड्यासारखी कळकट असली तरी आधी मऊ कोरडा ब्रश फिरवा. तेवढ्याने भागलं नाही तर गाळलेल्या पाण्यात साबणाचे एक-दोन थेंब, कापसाच्या काडीने तळव्याएवढा भाग, लगेच कोरड्या कापडाने टिपायचा. भिजत घालू नका: चिरेतून पाणी तांब्यापर्यंत पोहोचलं की हिरवा गंज धरतो आणि तो फुगून मीना वर उचलतो. त्याच कारणाने तिच्यात पाणी घालून फुलं ठेवू नका. खिडकीतलं ऊन आणि एसीची थेट हवा दोन्ही टाळा, तांबं आणि काच वेगवेगळ्या वेगाने फुगतात-आकसतात.

पॅक करताना आत मऊ कागद सैल भरा, दाबून नको. बाहेरून आम्लरहित कागद, मग फोम. बुडबुड्यांचं प्लॅस्टिक थेट मीन्याला लावलं तर पावसाळ्यात दमटपणाने त्याच्या गोल खुणा मुलाम्यावर उमटतात. खोक्यात फुलदाणी आडवी घालू नका, उभी ठेवा, आणि खोक्याच्या चारही बाजूंना निदान पाच सेंटिमीटर फोम सुटू द्या.